खुशाबा भाग बदलून बघतो

भोळी माणसं गावोगाव असतात. बोरखेडच्या वाट्याला आलेला भोळा मात्र थेट जावई होऊन आला. त्याचं नाव खुशाबा.

त्याचे सासरे यशवंतअण्णा जुनी मीटरं आणि जुने ऑसिलोस्कोप दुरुस्त करायचे. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची लाट गोल पडद्यावर हिरव्या रेघेने दाखवणारं धूड. दुसऱ्या यंत्रांची दुखणी तपासायला ही यंत्रं. तीच आजारी पडली की अण्णांच्या दुकानात यायची, कुठल्याशा कॉलेजच्या माळ्यावरून, धुळीसकट, कधी पालीसकट.

अण्णांची लेक सुगंधा दिवाळसणाला माहेरी आली आणि अण्णांनी तिला ठेवूनच घेतलं.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "तुमच्या हाताला कसब नाही. माझी पोर उपाशी मरेल. इथे राहा, काम शिका. एक यंत्र स्वतःच्या हाताने चालू करून दाखवा, मग सुगंधाला न्या."

"बरं अण्णा," खुशाबा म्हणाला.

दाराआड सुगंधाने कपाळाला हात लावला. तिला आपल्या घरी जायचं होतं. तिथे तिची शेळी होती, तिची चूल होती आणि सल्ले देणारं कुणी नव्हतं.

पहिला ऑसिलोस्कोप आला. कित्येक वर्षं पोत्याखाली बंद पडलेला. खुशाबाने त्याचा प्लग लावला आणि बटण दाबलं. आत फाट्‌कन आवाज झाला. धूर निघाला. दुकानातली मांजर जी गेली ती आलीच नाही.

"अहो जावईबापू!" अण्णा ओरडले. "इतकी वर्षं बंद असलेल्याला एकदम सगळं द्यायचं नसतं! आधी थोडंसं द्यायचं. मग हात लावून बघायचं, तापतंय का. वास घ्यायचा, जळतंय का. मग अजून थोडं द्यायचं."

"बरं अण्णा. आता लक्षात ठेवतो."

त्याच आठवड्यात सुगंधाचे मामा आले. अण्णांशी भांडून गेलेले, ते इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उंबरठा चढले. अण्णा दुकानात होते. सुगंधा पोळ्या लाटत होती. वाढायला खुशाबा.

खुशाबाने मामांच्या ताटात पुरणपोळीचा नखाएवढा तुकडा ठेवला.

"एवढंच?" मामा म्हणाले.

"आधी थोडंसं," खुशाबा म्हणाला. मामांनी तुकडा गिळला. खुशाबाने त्यांच्या पोटावर हात ठेवला. मग वाकून मानेपाशी वास घेतला.

"हे काय चाललंय?"

"जळत नाहीये," खुशाबा म्हणाला आणि अजून एक तुकडा ठेवला.

मामा ताटावरून उठले ते थेट एसटीत जाऊन बसले. अण्णा धावत आले तेव्हा एसटीची धूळ तेवढी उरली होती.

"अहो, इतक्या वर्षांनी दारात आलेल्याला दोन्ही हातांनी धरायचं! उराशी कवटाळायचं! सोडायचं नाही!"

"बरं अण्णा. आता लक्षात ठेवतो."

ही गोष्ट ऐकताना माझी लेक इथे दर वेळी विचारते, "त्याला कळत नव्हतं का गं?" कळत होतं. सांगितलेलं सगळं कळत होतं. शांत झोपलेल्या बाळाला हलवून 'झोप लागली ना नीट?' असं विचारणाऱ्या माझ्यासारख्या आईने यावर फार हसू नये, म्हणून मी पुढे जाते.

पुढे दुसरा ऑसिलोस्कोप आला. तोही इतक्या वर्षांनी दारात आलेला. अण्णांनी त्याचं झाकण काढलं, वीज हळूहळू चढवली आणि चहा प्यायला आत गेले. खुशाबाने त्या उघड्या यंत्राला दोन्ही हातांनी धरलं आणि उराशी कवटाळलं.

यंत्राने त्याला सोडलं, तेव्हा तो समोरच्या भिंतीपाशी होता. मिशी उभी राहिली होती.

"मेलात का?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा."

"देवाची कृपा म्हणायची, नाहीतर यंत्राची. अहो, असल्या कामाला एकच हात लावायचा! दुसरा खिशात! खिशातून बाहेर काढायचाच नाही, म्हणजे वीज छातीतून जात नाही."

"बरं अण्णा. आता लक्षात ठेवतो."

दोन दिवसांनी तालुक्याच्या कॉलेजचे प्राचार्य टेम्पोतून स्वतः एक मीटर घेऊन आले. भलं मोठं, सागवानी पेटीतलं, गोऱ्या साहेबाच्या काळातलं. प्राचार्य टेम्पोत उभे राहून म्हणाले, "धरा हो जरा, जपून."

खुशाबाने एक हात खिशात घातला आणि दुसऱ्याने धरलं.

मीटर खाली पडलं. त्याच्या मागोमाग, ते वाचवायला वाकलेले प्राचार्यही पडले.

अण्णांनी आधी मीटर उचललं. मग आठवण झाल्यावर प्राचार्यांना उचललं. मग खुशाबाला आत ओढून दातओठ खात म्हणाले, "आता ऐका. पडल्यावर आत काहीतरी सैल होतं. लाकडी काडी घ्यायची. एकेक भाग हळूच ठोकायचा. जो ठोकल्यावर हलतो, तो सैल. कळलं? मी पाणी आणतो साहेबांना."

"बरं अण्णा."

खुशाबा काडी घेऊन बाहेर आला. मीटर टेबलावर होतं. प्राचार्य खुर्चीवर होते. पडले दोघंही होते, पण कण्हत होते एकटे प्राचार्य.

खुशाबाने त्यांचा गुडघा ठोकला.

"काय करताय?"

"बघतोय," खुशाबा म्हणाला. त्याने खांदा ठोकला. कोपर ठोकलं. टक्कल ठोकलं, तिथे जरा पोकळ आवाज आला, पण हललं काही नाही. मग त्याने हनुवटीवर टिचकी दिली. प्राचार्यांची वरची कवळी निघून त्यांच्या मांडीवर पडली.

"अण्णा!" खुशाबा आनंदाने ओरडला. "सापडलं!"

प्राचार्यांनी कवळी रुमालात गुंडाळली, मीटर टेम्पोत घातलं आणि कॉलेजचं एकही यंत्र या दुकानात परत येणार नाही असं सांगितलं. कवळीशिवाय सांगितल्यामुळे ते पुन्हा सांगावं लागलं.

त्या संध्याकाळी अण्णा ओसरीवर डोकं धरून बसले. "सुगंधे, तुझा नवरा म्हणजे खराब भाग आहे. तू इथेच राहा आता."

"हे तुम्ही तपासल्याशिवाय कसं म्हणता, अण्णा?" सुगंधाचे डोळे भरून आले होते, पण जीभ अण्णांचीच होती. "यंत्रातला भाग खराब आहे हे तुम्ही नुसतं बघून ठरवता का?"

"नाही," अण्णा तावातावाने म्हणाले. "संशय आला की त्याच्या जागी चांगला, चालू असलेला भाग लावून बघतो. यंत्र चाललं, तर जुना भाग उकिरड्यावर. नाही चाललं, तर जुना निर्दोष, दोष दुसरीकडे. पण इथे तपासायचं काय राहिलंय?"

खुशाबा पायरीवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "बरं अण्णा." आणि उठून गेला.

सकाळी तो मार्तंडराव टेलरना घेऊन आला. मार्तंडरावांना वाटलं, पोलक्याचं माप घ्यायचंय. खुशाबाने त्यांना ओसरीवर सुगंधाशेजारी बसवलं आणि आपण अंगणात जाऊन उभा राहिला.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

"यांचा संसार चांगला चालतो, सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्या जागी लावून बघतोय."

"अहो, काय बोलताय!" सुगंधा किंचाळली.

"त्यांच्या बायकोला कळलं तर?" अण्णा कसेबसे म्हणाले.

"कळलंय. दुसऱ्याचा चालू भाग काढायचा तर विचारून नको का? मी हौसाबाईंना सांगूनच आणलंय."

तेवढ्यात हौसाबाई आल्याच. हातात लाटणं होतं. "माप घेताय का? या, मी देते माप!" मार्तंडराव गळ्यातल्या टेपसकट परसदारातून पळाले. हौसाबाई त्यांच्यामागे. सुगंधा पदर तोंडात कोंबून हसत होती. रडायचं होतं ते राहूनच गेलं.

खुशाबा धावत ओसरीवर आला.

"अण्णा, चांगला भाग लावला तरी चाललं नाही! म्हणजे मी निर्दोष. दोष दुसरीकडे."

 नियम अण्णांचाच होता.

खुशाबाने ओसरीवर उरलेल्या माणसांकडे नीट पाहिलं. सुगंधा चांगली होती, ते त्याला माहीत होतं. मग त्याची नजर अण्णांवर येऊन थांबली.

"अण्णा," तो अदबीने म्हणाला, "जरा उठता का तिथून? मार्तंडरावांचे सासरेही आणलेत. बाहेर उभे आहेत."

"सुगंधे," अण्णा म्हणाले, "बॅग भर."