अण्णांची जागा

"मग दहा वर्षं तुम्ही आम्हाला चुकीचंच शिकवलंत का, बुवा?"

केतकीनं उंबऱ्यातूनच विचारलं. चपलासुद्धा पायात तशाच होत्या.

गुरुलिंगबुवा तंबोरा पुसत बसले होते. जतच्या मठामागच्या दोन खोल्यांत ते चाळीस वर्षं गाणं शिकवत आले होते. केतकी त्यांची सगळ्यांत तयार शिष्या. हे तिलाही चांगलंच ठाऊक होतं.

"काय चुकलं?" बुवांनी विचारलं.

"पूरिया रागातली ती जागा. अण्णांची."

बुवांच्या प्रत्येक शिष्यानं त्या जागेपाशी घाम गाळला होता. वरच्या षड्जावरून थेट खालपर्यंत एका श्वासात उतरायचं, मध्ये कुठंही थांबायचं नाही. अवघड आहे अशी कुणी कुरकुर केली की बुवा एवढंच म्हणत, "अण्णा असंच गायचे."

अण्णा म्हणजे बुवांचे गुरू, शिवपादअण्णा. त्यांना जाऊन बावन्न वर्षं झाली होती. त्यांची ध्वनिमुद्रिका कधी निघाली नव्हती. ते कसे गायचे, ते बुवा सांगतील तसंच.

गेल्या महिन्यात पुण्याच्या स्पर्धेत नेमका त्याच जागी केतकीचा श्वास तुटला. पहिला नंबर गेला.

घरी आल्यावर ती इंटरनेटवर शोधायला बसली. अण्णांचं नाव मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं, स्पेलिंग बदलून बदलून टाकलं. दुसऱ्यांचीच भजनं निघाली. कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ निघाला. आठव्या दिवशी एका मैत्रिणीकडून तिनं ते नाव कानडी अक्षरांत लिहून घेतलं आणि शोधलं.

एकच गाणं आलं. कुण्या संग्राहकानं रेडिओवरून उतरवलेली जुनी टेप. अकरा मिनिटांची. ती आजवर एक्केचाळीस जणांनी ऐकली होती.

केतकीनं ते डाउनलोड केलं, एकदा ऐकलं, आणि सांगलीहून मिळेल ती एसटी धरून निघाली.

"अण्णांचं गाणं सापडलंय मला," ती म्हणाली.

बुवांचा हात थांबला.

"अण्णांचा... आवाज?"

केतकीनं चपला काढल्या, सतरंजीवर बसून फोन समोर ठेवला आणि गाणं लावलं. आधी नुसती खरखर. मग तंबोरा. मग एक भरदार, जरासा बसलेला षड्ज.

बुवा भिंतीला धरून उठले. गुडघे धड वाकत नव्हते. तरी खाली वाकून त्यांनी फोन दोन्ही हातांनी उचलला, स्वतःच्या गादीवर ठेवला, आणि समोर उघड्या फरशीवर बसले.

सतरंजीवर बसावं की उठावं, केतकीला कळेना. शेवटी तीही फरशीवर सरकली.

बुवा ऐकत होते. डोळे वाहत होते. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

नवव्या मिनिटाला केतकी पुढं झाली.

"आता ऐका."

अण्णा वरच्या षड्जावर गेले. उतरू लागले... आणि अर्ध्यावर थांबले. क्षणभर काहीच नाही. मग त्यांनी सरळ मुखडा धरला.

"थांबले!" केतकी म्हणाली. "खालपर्यंत आलेच नाहीत. आणि आम्ही मात्र..."

"परत लाव."

तिनं परत लावलं.

"काय ऐकलीस?"

"थांबले."

"परत लाव. सूर ऐकू नको. थांबल्यावर काय आहे, ते ऐक."

केतकीनं आवाज वाढवला आणि कान फोनजवळ नेला. खरखरीच्या आत आणखी काहीतरी होतं. बारीक, फाटलेलं, शिट्टीसारखं.

"...दमा?"

बुवांनी मान हलवली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्या दिवशी रेडिओवर त्यांच्या मागं तंबोऱ्यावर मीच होतो. एकोणीस वर्षांचा."

केतकीचा आवाज खाली आला. पण प्रश्न तिनं सोडला नाही.

"म्हणजे दमा नसताना अण्णा खालपर्यंत यायचे?"

"माहीत नाही. ही चीज त्यांच्या तोंडून मी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकली. पुढं ते गायलेच नाहीत. पंधरवड्यात गेले."

"मग 'अण्णा असंच गायचे' म्हणून आम्हाला का सांगत आलात?"

बुवा फोनकडं बघतच बोलले.

"श्वास तुटला तसं त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं..."

"आणि?"

"उरलेलं, पार खालपर्यंत, मी मनातच म्हटलं. ऐकल्यासारखी त्यांनी मान डोलावली."

गाणं कधीच संपलं होतं.

केतकीनं गादीवरचा फोन उचलला.

"मी हे काढून टाकते, बुवा. कुणाला ऐकवत नाही."

"खुळी का काय! सगळ्यांना पाठव."

"पण लोक तुम्हाला खोटं म्हणतील."

"म्हणू देत. अण्णांचा आवाज झाकून ठेवू होय?"

केतकीनं शिष्यांच्या ग्रुपवर गाणं पाठवलं. बुवा गादीवर परतले नाहीत. फरशीवरच बसून त्यांनी तंबोरा ओढला आणि जुळवू लागले.

थोड्या वेळानं फोन वाजला. एका शिष्याचं उत्तर आलं होतं. केतकीनं ते वाचून दाखवलं.

"'ऐकलं. मग खरं कोणतं, बुवांना विचार.'"

बुवांनी खुंटी पिळली, तार छेडली, पुन्हा पिळली.

"काय लिहू, बुवा?"

"काही लिहू नको. ज्याचा श्वास जिथं संपंल, तिथं त्याला कळंल."