सोमगीर महाराजांनी धरलेले सांधे

बोरजाईच्या माळावर, बिरोबाच्या देवळामागच्या ओवरीत, सोमगीर महाराज त्या वर्षी येऊन राहिले होते. महाराज फार बोलत नसत. कोणी भाकरी आणली तर खात, नाही आणली तर मागत नसत. अशा सत्पुरुषाच्या सहवासात घडलेली ही गोष्ट आहे. ती ऐकताना आपली मती गुंग झाली तर नवल वाटू देऊ नये. ज्याच्या डोळ्यांदेखत ती घडली, त्या शिदबा सणगराची मती तर पुरती गुंग झाली होती.

शिदबा घोंगड्या विणणारा. पंचक्रोशीत त्याच्या हाताला तोड नव्हती, आणि हे त्याला इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक होते. त्याच गावात ठकूबाई आणि राही अशा दोन धनगर मैत्रिणी राहत. त्या उन्हाळ्यात ठकूबाई तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा राहीने महाराजांना नवस बोलला होता की, माझी मैत्रीण उठली तर एकाच टकळीवर कातलेल्या लोकरीची घोंगडी तुमच्या आसनावर घालीन. ठकूबाई उठली, आणि नवस तू एकटीने का फेडायचा म्हणून हट्ट धरून बसली. टकळी एक आणि हात दोघींचे. एक थकली की टकळी दुसरीकडे जाई. पावसाळाभर त्यांनी काळी लोकर अशी आळीपाळीने कातली.

सुताचे गुंडे घेऊन त्या शिदबाकडे गेल्या. त्याने एक धागा ओढून बोटांत फिरवला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. ठकूबाई डावखुरी होती. राहीच्या धाग्याला एका बाजूचा पीळ, ठकूबाईच्या धाग्याला उलट्या बाजूचा. नुसत्या एकीचे सूत असते तर काही बिघडले नसते. पण एकच धागा जिथे एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तिथे एक पीळ दुसऱ्याला उकलून टाकी. मध्ये वीतभर लोकर पिळाशिवाय नुसती सरळ पडलेली. शिदबाने ती जागा दोन्हीकडून हलकेच ओढली. पिंजलेल्या कापसासारखी ती अलग झाली.

अंगणात चार माणसे बसली होती. शिदबाने त्यांना तो तुकडा दाखवला.

"बघा, जितं जितं या मैतरणी एकमेकींना भेटल्या, तितं तितं सूत तुटतंय," तो म्हणाला. लोक हसले. तेव्हा त्याला आणखी चेव आला. "ठके, देवानं तुला हातच उलटा दिला. ही घोंगडी झाली, तर मी तुझ्या पाया पडंन. न्हाई झाली, तर गावाची लोकर परत टकळीला लावायची न्हाई."

 ठकूबाई विधवा होती, लोकांची लोकर कातून देणे एवढाच तिचा आधार होता, आणि शिदबाचा शब्द गावात खाली पडत नसे. राही तडक ओवरीकडे गेली आणि रडत रडत सारे सांगून मोकळी झाली. महाराजांनी शिदबाला बोलावून घेतले. म्हणाले, "जसं आहे तसं वीण. काही निवडू नकोस, काही तोडू नकोस."

शिदबा मनात हसला. दिवसभराचे काम, आणि फजिती दुसऱ्याची! त्याने ताणा, म्हणजे उभे धागे, पसरला, चिंचोक्याची खळ शिजवून कुंच्याने लावली, वाळवली, आणि ते धागे मागावर चढवून ताणले. आता तटातट तुटतील म्हणून तो थांबला. एकही तुटला नाही.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. धोटा इकडून तिकडे जात होता, फळीचे ठोके पडत होते, घोंगडी वाढत होती. शिदबाला जेवण गोड लागेना. खळीने सांधे चिकटले असतील, असे त्याने स्वतःला सांगितले. मग उरलेल्या सुताचा एक तुकडा घेऊन त्याला तीच खळ लावली, तितकाच वेळ वाळवला, आणि ओढला. तुटला. दुसरा घेतला. तोही तुटला. मागावरचा धागा मात्र नखाने छेडला तरी तारेसारखा वाजत होता. आपण चुकीची जागा बघतो आहोत की काय, म्हणून त्याने वाकून पाहिले. चूक नव्हती. एकीकडे उजवा पीळ, दुसरीकडे डावा, मध्ये नुसती मोकळी लोकर, आणि ती ताण सोसत होती.

चौथ्या दिवशी दुपारी त्याला राहवेना. त्याने त्या एका धाग्याला पावशेराचा धोंडा टांगला. धागा राहिला. अर्ध्या शेराचा टांगला. राहिला. शेवटी शेराचा टांगला. त्याने स्वतः निवडून घेतलेल्या सुतानेही एवढा भार घेतला नसता. तो धागा मात्र जरा खाली वाकला आणि तसाच राहिला.  आपल्याला विणकाम येते की नाही, हेच शिदबाला कळेना. त्याने धोंडा काढला आणि तसाच अनवाणी ओवरीकडे निघाला.

तिथे नागू गुरव महाराजांना भाकरीचा घास भरवत होता. महाराजांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी चिमटीसारखी घट्ट मिटलेली होती.

नागू काळजीत होता. चार दिवस झाले, ही चिमूट उघडतच नाही, असे त्याने सांगितले. रात्री झोपेतही नाही. आणि आज तर फारच झाले. "मगाशी कुणी हिसका द्यावा तसा हात तीनदा खाली गेला. तिसऱ्यांदा नखातनं रगत आलं बघ."

शिदबाने पाहिले. नखांच्या कडा फुटल्या होत्या, आणि चिमटीत काळ्या लोकरीचे तंतू अडकले होते. 

महाराज म्हणाले, "किती राहिलीय रे?"

"हातभर, महाराज."

"त्या पोरींनी हात बदलला तिथं धरायला कुणी नव्हतं. म्हणून धरलं." महाराजांनी घास गिळला. "आता धोंडे लावू नकोस बाबा."

शिदबा त्यांच्या पायांवर कोसळला. महाराज म्हणाले, "पाया मागाहून पड. आधी घोंगडी पुरी कर. हात दुखतोय."

शिदबा पळत घरी आला. त्या दिवशी त्याने फळीचा ठोका इतका हलका मारला, की शेजारी त्याला बरे वाटत नाही की काय म्हणून विचारायला आले. एकेक आडवा धागा बसला तसतसे उभे धागे एकमेकांच्या आधाराला येत गेले. विणीत बसलेल्या धाग्याला मग दुसऱ्या कुणी धरून ठेवायची गरज उरत नाही. दिवस कलताना त्याने शेवटचे धागे कापून घोंगडी मागावरून उतरवली. त्याच घटकेला ओवरीत महाराजांची चिमूट सुटली. नागूने ही वेळ पुढे कित्येकांना सांगितली.

घोंगडी खांद्यावर टाकून शिदबा निघाला, पण आधी ओवरीकडे गेला नाही. त्याच्या दुसऱ्या खांद्यावर स्वतःच्या घरच्या लोकरीचे गाठोडे होते, आणि त्या दिवशी हसलेली चार माणसे नवल बघायला मागोमाग चालली होती. ठकूबाईच्या दारात राही तिच्यापाशी बसून होती. वाईट बातमी येणार, असेच दोघी धरून होत्या. शिदबाने घोंगडी दोघींच्या मांडीवर ठेवली आणि गाठोडे ठकूबाईच्या पुढ्यात सोडले.

"आक्का, एवढी कातून द्या," तो म्हणाला. "तुमच्याच हातानं."

ठकूबाई गोंधळून त्याच्याकडे पाहू लागली. तो का रडतो आहे, हे तिला उमजत नव्हते. ती काही विचारणार, तोच भरल्या अंगणात, हसलेल्या त्याच चार माणसांसमोर, शिदबा सणगराने खाली वाकून तिच्या पायांवर डोके ठेवले.