खुराड्यात कोंडलेली थंडी

आज राजाची गोष्ट नाही. राजा असता तरी तो या गावात राहिला नसता, इतकं थंड गाव. तर एकदा काय झालं, डोंगराच्या पार माथ्यावर एक गाव होतं. थंडीच्या दिवसांत तिथे घागर बाहेर राहिली, की सकाळी पाण्यावर बर्फाची साय धरायची. छबे, पाय आत घे. तुला कितीदा सांगायचं?

त्या गावात धोंडाबाई नावाची म्हातारी होती. एकटी. नवरा नाही, लेकरू नाही. परसात मातीचं खुराडं, त्यात चार कोंबड्या नि एक कोंबडा, हाच तिचा संसार. त्यांतली ठिपक्याठिपक्यांची कवडी तिच्या फार जिवाची. धोंडाबाई पाण्याला निघाली की कवडी मागे, चुलीपाशी बसली की कवडी मांडीला टेकून. पण बाई हट्टी किती, विचारू नका. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

मग थंडी आली. थंडी म्हणजे पांढऱ्या केसांची, लांब बोटांची एक बाई, बरं का. ती कुणाचं वाईट करायला येत नाही. तिचं एकच काम, चालत राहायचं. एका फटीतून आत, दुसऱ्या फटीतून बाहेर. धोंडाबाईच्या खुराड्याला खाली दाराच्या फळीपाशी फट होती आणि वर छपराखाली झरोका होता. एका संध्याकाळी थंडी खालून आत शिरली. कोंबड्यांकडे बघितलं. मग वरून निघणार, तेवढ्यात बाहेरून शेणमातीचा गोळा थप्पकन बसला. धोंडाबाईने झरोका लिंपून टाकला. थंडी मागे वळते तर खालची फटही लिंपलेली.

म्हणजे थंडी आत, आणि वाट बंद. कळलं ना? बघा, तुम्हा पोरांना कळलं. धोंडाबाईला नाही कळलं.

थंडी आतून म्हणाली, "हूंऽऽ." तिची बोली तीच. तिला म्हणायचं होतं, बाई, जाऊ दे मला. धोंडाबाईने कान दिला आणि म्हणाली, "ऐकलं का? भाईर कशी घोंगावतीया मेली. आत याया बघती." आणि काय केलं असेल? चारी भिंतींवर आणखी एक हात लिंपलं.

अरे वसंता, ओरडतोस काय? तू इथून ओरडून तिला कसं ऐकू जाईल?

मग आतला गारठा वाढला. कोंबड्यांना बाहेर सोडायचं तर बाईने बंदच केलं होतं. फळी बोटभर वर करायची, वरीचे दाणे आत सारायचे, पाण्याची वाटी सारायची, की धाडकन फळी बंद. थंडी बिचारी तेवढ्यात निघायला बघायची, पण तिचे गुडघे आखडलेले. ती वाकेपर्यंत दार लागलेलं.

मग शेजारची बायजाबाई आली. सल्ला द्यायला काही लागत नाही, तोंड असलं की झालं. म्हणाली, "धोंडाबाई, छपराच्या सांदीत पेंढा कोंब की." धोंडाबाईने कोंबला. सुईच्या नेढ्याएवढी जागा ठेवली नाही. थंडी पुन्हा म्हणाली, "हूंऽऽऽ." पहिल्यापेक्षा जोरात.

तिसऱ्यांदा धोंडाबाईने काय केलं, तर स्वतःची गोधडी आणली आणि खुराड्यावर घातली. एकच गोधडी होती हो तिच्याकडे. स्वतः पोतं पांघरून चुलीपाशी निजली. आता अशा बाईला रागवावं तरी कसं? पण मला राग येतो, अजून येतो.

कारण आत काय चाललं होतं, ऐका. कोंबड्यांचा श्वास बाहेर पडायला जागा नाही. तो छपराला लागायचा, त्याचं पाणी व्हायचं आणि टपटप पिसांवर पडायचं. खालचा पेंढा भिजून चिखल झाला. कोरडी कोंबडी पिसं फुगवून कितीही थंडी काढते. ओली कोंबडी काय करील? कोंबड्याचा तुरा पांढरा पडला, मग शेंड्याला काळा झाला. तो आरवायचा थांबला. आणि कवडीने दाणे खायचं सोडलं. डोळे मिटून कोपऱ्यात मान घालून बसली.

धोंडाबाईने फळीखालून हाक मारली, "कवडे." कवडी हलली नाही.

तेव्हा मात्र म्हातारी रडली. मग रडता रडता तिला संताप आला. "समदं केलं तुमच्यासाठी. भिताडं लिंपली, माजी गोधडी घातली, आन तरी मरताय व्हय? थांबा, मीच येती आत. माज्या अंगाची ऊब घ्या, आन मग मरता कशा ते बघती."

दिवेलागणीची वेळ होती. गोधडी बाजूला केली, फळी वर केली, चारी पायांवर आत शिरली, आणि सवयीने फळी मागे ओढून घेतली. सवय, दुसरं काय. अंधारात चाचपडत कवडीला उचलून पोटाशी धरलं. हाताला आणखी काहीतरी लागलं. गार, लांब, बोटासारखं.

"कोन हाय गं?"

"मी थंडी," आवाज आला. इतक्या जवळून तिची बोली कुणालाही कळते.

"तू आत कशी?"

"तूच कोंडलंस मला, बाई. रोज ओरडते आहे. तू दर खेपेला आणखी लिंपतेस."

धोंडाबाईने वर हात नेऊन लिंपलेला झरोका चाचपला. मग म्हणाली, "आन आता झरोका फोडला, तर तुज्या भनी आत येतील त्याचं काय?"

"येतील आणि जातील. आम्ही कुठे मुक्काम करतो? वरून वाट ठेव. दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यावरून जाऊ, पिसाला हात लावणार नाही. तुझ्या कोंबड्यांची ही गत मी नाही केली, बाई. या ओलीने केली. ती माझ्यासारखीच कोंडलीय."

आता फोडावं की नाही? इतके दिवस स्वतःच्या हाताने लिंपलेलं. चुकले म्हणणं धोंडाबाईला मरणाहून जड. तिने पोटाशी हात लावून बघितलं. कवडीचं काळीज धुगधुगत होतं, जेमतेम. मग कसला हट्ट नि कसलं काय. हातातल्या बांगडीनेच तिने छपराखालची माती खरवडायला घेतली. बांगडी पिचली, नखं गेली, मग मूठ हाणली. झरोका मोकळा झाला.

थंडी निघाली. तिच्यामागून सगळी ओल वाफेसारखी बाहेर गेली. जाताना थंडी धन्यवादबिन्यवाद काही म्हणाली नाही. तिचंही डोकं उठलं होतं.

मग धोंडाबाईने भिजका पेंढा उपसला, कोरडा घातला आणि वरचा झरोका तसाच ठेवला. कवडीला मात्र घरात चुलीपाशी घेऊन बसली. सकाळी कवडीने एक डोळा उघडला आणि म्हातारीच्या हाताला करकचून टोचलं. म्हातारी म्हणाली, "टोच. आणिक टोच."

काय रे वसंता? अंडी दिली का तिने? नाही दिली. थंडीत दिवस लहान असतो, कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात. होळीपर्यंत एक अंडं नाही. बायजाबाई म्हणालीसुद्धा, "अंडं न्हाई नि कशाला येवढं जिवाचं रान?" धोंडाबाई म्हणाली, "अंडी कोन मागतंय तिला? सकाळी हाक मारली की आतनं कुनीतरी ओ देतंय. मला तेवढं बास हाय."

मग ती नि तिच्या कोंबड्या सुखात राहिल्या, थंडी येत गेली नि जात गेली. झाली गोष्ट. आता तोंडं बंद, डोळे बंद, झोपा.