सात त्रिक पोंऽऽ

पूर्वी शालिनगरात महीधर नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच राजाच्या हत्तीशाळेत हत्ती होऊन जन्मला होता. त्याचे नाव मेघघोष. देह काळ्या ढगासारखा, कान लग्नाच्या मांडवाएवढे, आणि आवाज असा की नदीपलीकडच्या म्हशी दावी तोडून पळत. एकदा शत्रूचे सैन्य वेशीपर्यंत आले, मेघघोष ओरडला, आणि त्याच घटकेला सैन्य माघारी फिरले. सैन्यात हगवणीची साथ होती, हे मागाहून कळले. पण तोवर मेघघोष मंगलहत्ती होऊन बसला होता, आणि राजाने एकदा दिलेली पदवी खरे काय ते कळले म्हणून कोणी परत घेत नाही.

राजाने आज्ञा काढली, की रोज सकाळी मंगलहत्तीने तीनदा गर्जना करावी, म्हणजे नगराचे भले होईल. दर गर्जनेला उसाची एक मोळी. पाठीवर भरजरी झूल. बिंबक नावाचा माहूत त्याच्या कानामागे खाजवी, मेघघोष सोंड उंचावून पोंऽऽ करी, नगर सुखावे. कोणाचे काही बिघडत नव्हते. निदान मेघघोषाला तसे वाटे.

मग राजाच्या मनात आले, की प्रजेची सगळी मुले शिकली पाहिजेत. त्याने शाळा बांधली. जागा हत्तीशाळेला लागून निघाली, कारण लिदीच्या वासामुळे ती दुसऱ्या कोणाला नको होती. वाण्याचे, कारकुनाचे, कोळ्याचे, बुरुडाचे, कुंभाराचे, कोणाचेही मूल तिथे फुकट शिकू शके. राजा येईल त्या पाहुण्याला शाळा दाखवी आणि म्हणे, "एकच छप्पर, एकच चटई, एकच आचार्य! आता जो मागे राहील तो आपल्याच कर्माने."

आचार्यांचे नाव दीर्घशिख. विद्वान माणूस, खोटे कशाला बोला. वीस वर्षे एकाच ठेक्यात पाढे म्हणत आले होते. नगारा वाजला की दोनचा पाढा सुरू, आणि सातच्या पाढ्याशी येईपर्यंत तिकडे बिंबक उसाच्या मोळ्या घेऊन पोचलेला असे. आचार्यांचा नियम एकच होता. आपण एकदा सांगायचे. जो पुन्हा विचारील त्याने उठून एक ओळ मागे बसायचे.

हत्तीशाळेच्या बाजूने शाळेला एक खिडकी होती. मेघघोष तिच्यातून सोंड आत घालून रोजचा तमाशा पाही. पहिल्या दिवशी मुले कशीही मिसळून बसली होती. महिन्याभरात सुपात पाखडल्यासारखी वेगळी झाली. पुढे वाणी आणि कारकून, मध्ये सोनार आणि शिंपी, आणि अगदी मागे, खिडकीखाली, कुंभारवाड्याची सतरा मुले. आचार्य म्हणत, "मी काही केले नाही हो. बुद्धी आपली आपण पुढे सरकते." मेघघोषाला ते पटले होते. पोट भरलेले असले की बऱ्याच गोष्टी पटतात.

त्या सतरा मुलांत पिंगी नावाची मुलगी होती. नाकात शेंबूड, नखांत माती, आणि डोळे असे की समोरच्याच्या खिशात काय आहे ते सांगतील. दुपारच्या सुट्टीत ती खिडकीशी बसून ओल्या मातीचे हत्ती करी आणि पाढे म्हणे. एके दिवशी मेघघोषाने कान दिला.

"सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक..." आणि इथे पिंगीने हात नाकापुढे धरून सोंड केली, "पोंऽऽ! सात चोक अठ्ठावीस, सात पाचा पस्तीस, सात सक पोंऽऽ! सात साते एकोणपन्नास, सात आठे पोंऽऽ!"

पोरगी आपली नक्कल करते आहे असे मेघघोषाला वाटले, आणि खरे सांगायचे तर त्याला थोडा आनंदच झाला. इतक्यात पुढच्या ओळीतला नंदिय, वाण्याचा मुलगा, तिथे आला.

"ए वेडे, सात त्रिक एकवीस असतात."

"तुला रे कुठून कळलं? हत्ती तर सगळ्यांच्याच कानात ओरडतो."

"आजोबांना विचारलं. आमचे आजोबा झोपेतसुद्धा पाढे म्हणतात. आजी उशी फेकून मारते."

"मीही आबांना विचारलं. आबा म्हणाले, पोरी, हे तुझ्या आचार्यांना ठाऊक नसेल तर मला चिखल तुडवणाऱ्याला काय ठाऊक?"

"मग आचार्यांना विचारायचं."

"विचारलं म्हणून तर इथे बसलेय!" पिंगी म्हणाली. "पहिल्या दिवशी मी तुझ्या शेजारी होते, विसरलास? सात त्रिक विचारलं, एक ओळ मागे. सात सक विचारलं, अजून एक ओळ. आता मागे भिंत आहे. आता विचारलं तर तुमच्या ह्या हत्तीच्या मांडीवर बसवतील." मग तिने हातातला मातीचा हत्ती खाली ठेवला. "पुनवेला राजा परीक्षा घेणार आहे. आम्ही अडलो तर कुंभारवाड्यातलं पोर पुन्हा शाळेत घेणार नाहीत. माझी धाकटी बहीण आत्ताच धुळीत रेघोट्या ओढते."

मेघघोषाच्या सोंडेतला ऊस खाली पडला. त्याला वाटले, एवढे मोठे कान घेऊन मी इथे उभा आहे आणि मला आज ऐकू आले! माझी गर्जना सगळ्यांवर सारखीच पडते. पण ज्याच्या घरी आजोबा आहेत त्याचे भोक रातोरात बुजते, आणि जिच्या घरी कोणी नाही तिचे तसेच राहते. आणि त्या भोकामुळे मागे पडलेल्या मुलांनाच मी सुपातला कोंडा समजत होतो.

दुसऱ्या दिवशी नगारा वाजला. बिंबकाने कानामागे खाजवले. मेघघोष गप्प. बिंबकाने दुसऱ्या कानामागे खाजवले. मेघघोषाने डोळे मिटले.

"बाबा रे, काय दुखतंय का?"

"काही नाही. आजपासून मी गर्जना करणार नाही. माझ्या ओरडण्यात पोरांचं सात त्रिक जातं."

"जाऊ दे की! मला जन्मात कधी सात त्रिक लागलं नाही. बायको लागली, ऊस लागला, सात त्रिक नाही." बिंबक हात जोडू लागला. "अरे, पदवी जाईल. झूल काढून घेतील. लाकडाच्या वखारीत ओंडके ओढायला लावतील तुला."

"ओढीन."

"आणि मला?"

"तू वर बसशील. तुला काय ओढायचंय?"



मंगलहत्ती मुका झाला ही बातमी नगरभर पसरली. लोकांनी लग्ने पुढे ढकलली. राजवैद्याने सोंडेत मोहरीची पूड फुंकली. मेघघोषाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले, त्याने शिंकसुद्धा आवरली, पण आवाज काढला नाही. शेवटी आचार्य दीर्घशिख राजाकडे गेले. म्हणाले, "महाराज, कारण उघड आहे. कुंभारवाड्याची सतरा मठ्ठ मुले त्या हत्तीच्या अगदी नाकाखाली बसतात. जडत्वाची लागण होते. ती मुले काढा, हत्ती बोलेल." राजाला हे इतके सोपे वाटले की त्याने लगेच मान डोलावली. "पुनवेला परीक्षा होऊ द्या," तो म्हणाला, "म्हणजे न्यायाने काढल्यासारखे दिसेल."

पौर्णिमेला राजा शाळेत येऊन उंच आसनावर बसला. पुढच्या ओळींनी घडाघडा पाढे म्हटले. राजाने त्यांना खडीसाखर वाटली. मग आचार्यांनी बोट मागे केले. "पिंगी. सातचा."

पिंगी उठली. मेघघोषाने खिडकीतून सोंड हळूच तिच्या पाठीला टेकवली.

"सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक पोंऽऽ!"

शाळा हसून लोटपोट झाली. आचार्यांची शेंडी उभी राहिली. पिंगीने रडत रडत, पण एकही पायरी न गाळता, सात दाहे सत्तरपर्यंत पाढा नेला. राजानेही पोट धरून हसून घेतले आणि मग पुढचे मूल उभे केले. त्यानेही त्याच तीन जागी पोंऽऽ केले. तिसऱ्यानेही. सतराच्या सतरा मुले झाली तेव्हा राजा हसायचा थांबला होता.

"आचार्य," तो म्हणाला, "सतरा मुले, आणि एकाचाही पोंऽऽ इकडचा तिकडे नाही. मठ्ठ मुलांना इतके चोख पाठ कसे होते?" आणि पिंगीकडे वळून, "काय ग पोरी, असे का म्हणतेस?"

"महाराज, आचार्यच सांगतात, ऐकलं तेवढंच म्हणायचं, पदरचं घालायचं नाही. त्या जागी मला पोंऽऽच ऐकू आलं."

तेव्हा खिडकीतून मेघघोष म्हणाला, "महाराज, ती खरे बोलते. तिचे सात त्रिक मी खाल्ले, उसाबरोबर. तेवढे परत द्यावे म्हणून मी गप्प आहे."

राजाने आधी खिडकीकडे पाहिले, मग आचार्यांकडे. "मुलांना ऐकू आले नाही, तर तुम्ही पुन्हा का सांगितले नाही?"

"नियम, महाराज," आचार्य ताठ मानेने म्हणाले. "ज्याला बुद्धी आहे तो दोनदा विचारीत नाही."

"असे?" राजा म्हणाला. "मग आता मी आज्ञा सांगतो ती नीट ऐका. उद्यापासून या शाळेत..."

त्याच क्षणी मेघघोषाने सोंड उचलली आणि आयुष्यातली शेवटची गर्जना केली. छपराची धूळ पडली. नंदियाची खडीसाखर घशात अडकली. नगरातल्या लोकांनी घरोघरी हात जोडले. आवाज विरला तेव्हा राजाचे ओठ मिटलेले होते.

आचार्यांनी कानावर हात ठेवला. "क्षमा असावी महाराज. काय म्हणालात? पुन्हा एकदा..."

"एक ओळ मागे," राजा म्हणाला.

"पण महाराज, मला खरेच ऐकू आले..."

"अजून एक."

आचार्य जितके समजावू लागले तितके मागे गेले. शेवटी खिडकीखाली पिंगीच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसले. पिंगीने सरकून जागा दिली. जरा वेळाने ती त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "महाराज म्हणत होते, उद्यापासून जो पुन्हा विचारील त्याने एक ओळ पुढे यायचं. मी ओठांवरून ओळखलं. इथे बसलं की ती सवय लागते."

आचार्य दीर्घशिखांनी त्या मुलीकडे पहिल्यांदा नीट पाहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सात त्रिक एकवीस, बाळ. सात सक बेचाळीस. सात आठे छप्पन्न. राहिले का काही?"

कुंभारवाड्याची मुले शाळेत राहिली. न गर्जणारा हत्ती मंगल कसा, असे म्हणून दरबाराने मेघघोषाची झूल काढून घेतली, आणि त्याने उरलेले आयुष्य वखारीत ओंडके ओढले. बिंबक वर बसून उन्हाच्या नावाने कुरकुर करी. पण वखारीची वाट कुंभारवाड्यावरून होती. संध्याकाळी परतताना मेघघोष मुद्दाम पाय ओढत चाले. चाकापाशी बसून पिंगी धाकट्या बहिणीला पाढे सांगत असे, आणि बहीण पुन्हा पुन्हा तेच विचारी. विचारायला आता त्या घरात कोणीतरी होते. उसाची आठवण मेघघोषाला अधूनमधून येई, नाही असे नाही.

ही कथा भगवान शास्त्यांनी विहारात सांगितली, ती एका स्थविराने, म्हणजे जुन्याजाणत्या भिक्खूने, त्याच सकाळी शंका विचारणाऱ्या श्रामणेरीला, म्हणजे शिकाऊ भिक्खुणीला, दाराबाहेर बसवले होते म्हणून. कथा संपली तेव्हा आचार्य म्हणजे दर कथेतला दुष्ट देवदत्तच असणार, असे धरून सगळे भिक्खू माना डोलावू लागले. शास्ते म्हणाले, "नाही. तेवढे एक त्याने केलेले नाही. त्या वेळचे आचार्य दीर्घशिख म्हणजे हे आपले स्थविर. पिंगी म्हणजे दाराबाहेर बसलेली ती श्रामणेरी. बिंबक म्हणजे आपला भांडारी भिक्खू, तो आजही कुरकुरतो. आणि मेघघोष हत्ती मीच होतो."

स्थविर उठले आणि श्रामणेरीला आत बोलवायला दाराकडे गेले.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने करुणेची पारमिता, म्हणजे परिपूर्णता, साधली. ज्याचा आवाज मोठा त्याची करुणा तोंड मिटण्यापासून सुरू होते, आणि ज्याला येते त्याची, दुसऱ्यांदा सांगण्यापासून.