एकोणपन्नासाव्या दिवसाचं बिंगसू

"एवढ्याशा लाल दाण्याला मेलेलं माणूस घाबरतं, असं तुम्हीसुद्धा मानता, सुनिम?"

बेक गीजुनने हे विचारलं तेव्हा त्याच्या खांद्यावर बर्फ किसायचं लोखंडी यंत्र होतं आणि हातात डबा. साठीचा माणूस, पण डोंगरावरच्या मठापर्यंत ते ओझं स्वतः वाहत आला होता.

सुनिम म्हणजे म्हातारी भिक्षुणी हेवॉन. कोरियात भिक्षूंना आणि भिक्षुणींना याच नावाने हाक मारतात. ती ओसरीवर मुळ्याचा पाला निवडत बसली होती.

"कोण काय म्हणालं?" तिने विचारलं.

"तुमची आतली धाकटी भिक्षुणी. बिंगसू ताटात ठेवू देत नाही."

"बरोबर आहे. मेलेल्याच्या ताटात लाल दाणे ठेवत नाहीत."

"माझ्या मुलीचा आज एकोणपन्नासावा दिवस आहे."

"माहीत आहे, बाबा."

तिकडची समजूत अशी, की गेलेला जीव एकोणपन्नास दिवस वाट चुकल्यासारखा घुटमळतो. शेवटच्या दिवशी आपल्या माणसांनी मांडलेलं जेवतो आणि कायमचा निघून जातो. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, तसलाच हा दिवस. ताटात त्याच्या आवडीचं सगळं चालतं. चवळीसारखे ते लाल दाणे तेवढे चालत नाहीत. त्यांच्या रंगाला भुतंखेतं भितात, म्हणून थंडीत लोक त्यांची लापशी दारावर शिंपडतात. आता भूत कोणतं आणि लेक कोणती, हे दाण्यांना कुठून कळायचं!

गीजुनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण नियम दुसऱ्यांसाठी असतात, ही त्याची जुनी खोड. चाळीस वर्षं तो एकच पदार्थ विकत होता. बर्फाचा भुसभुशीत कीस आणि त्यावर साखरेत मुरवलेले लाल दाणे, म्हणजे बिंगसू. फळं नाहीत, दूध नाही. उन्हाळाभर दुकानापुढे रांग लागे, आणि त्या रांगेने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं.

"दानबीला हेच आवडायचं," तो म्हणाला. "दुसरं काय ठेवू? भात? फळं? ते कुणीही ठेवील."

"ती कसं खायची?"

"म्हणजे?"

"काही जण सगळं कालवून खातात. काही जण वरून थराथराने. ती कसं खायची?"

गीजुनने खांद्यावरचं यंत्र ओसरीवर उतरवलं.

"मी शेगडीपाशी असायचो," तो म्हणाला. "दाण्यांवरून नजर हलवून चालत नाही."

"मग आवडायचं, हे कशावरून?"

"माझ्या हातचं..."

"तिला शिकवलंस का कधी?"

"एकदा तिनेच न विचारता पातेलं चढवलं. दाणा बोटांत चुरडेपर्यंत साखर घालायची नसते, सुनिम. आधी घातली की तो आकसतो. मग दिवसभर उकळा, कडकच राहतो. शेंबड्या पोराला कळतं हे. तिने पहिल्या उकळीलाच घातली."

"मग?"

"पातेलं गटारात ओतलं."

"तिच्यासमोर?"

"गिऱ्हाइकांसमोर."

हेवॉन पाला निवडत राहिली.

दानबी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आई तिला लहानपणापासूनच नव्हती. त्याच संध्याकाळी ती घर सोडून गेली आणि दोन वर्षांनी परगावी, एका भाड्याच्या खोलीत, तापाने गेली. बापाला कळलं तिसऱ्या दिवशी. एवढं झाल्यावर माणूस मऊ होईल असं आपल्याला वाटतं. गीजुन झाला नाही. तो रडलासुद्धा नाही, दाणे निवडायला बसला.

"ठेव," हेवॉन म्हणाली.

"काय?"

"बिंगसू. ठेव तिच्या फोटोपुढे. मी सांगितलंय म्हणावं."

शेवटी झालं त्याच्याच मनासारखं. त्याने अंगणातच यंत्र मांडलं, डब्यातला बर्फ त्यात अडकवला आणि दांडा फिरवायला लागला. वाडग्यात पांढरा कीस साचत गेला. वर त्याने घरून मुरवून आणलेले दाणे घातले. एकही फुटलेला नव्हता, एकही कडक नव्हता. चाळीस वर्षांत इतके चांगले जमले नव्हते. हे त्याला कळत होतं आणि त्याचाच त्याला संताप येत होता.

वाडगा घेऊन तो आत गेला. फोटोत दानबी हसत नव्हती. परीक्षेच्या अर्जासाठी काढलेला फोटो होता तो. घरात दुसरा सापडलाच नव्हता.

तो वाकला. वाडगा ताटापासून वीतभर अंतरावर आला, आणि हात तिथेच थांबले.

हेवॉन दारात येऊन उभी राहिली होती.

"का थांबलास? तुझा तर विश्वास नाही ना?"

"नाही."

"मग ठेव."

"पण ती खरंच आली नाही तर, सुनिम?"

एवढं म्हणून तो वाडगा हातात धरूनच खाली बसला. ठेवलं तर मुलगी यायची नाही. न ठेवलं तर तिला द्यायला त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. जन्मात एवढी एकच गोष्ट तो शिकला होता. बर्फ वितळायला लागला आणि लालसर पाणी काठावरून त्याच्या मनगटावर ओघळलं.

"ती आली होती," तो म्हणाला.

"कधी?"

"जिवंत असताना. आमच्यासमोर तांदळाच्या वड्या विकणारी बाई आहे, तिने आता सांगितलं. सगळं संपल्यावर. तीन वेळा आली होती म्हणे. रस्त्यापलीकडे उभी राहायची. एकदा तर दुकानाच्या पायरीपर्यंत आली... आणि मागे फिरली."

"तू कुठे होतास?"

"आत. शेगडीपाशी."

बर्फाचं पार पाणी झालं.

"सांगा ना," गीजुन म्हणाला. आता तो रडत होता, लहान मुलासारखा, तोंड न झाकता. "ठेवू की नको? या दाण्यांना भिऊन ती दारातूनच परत गेली तर?"

हेवॉनने वाडग्याला हात लावला नाही.

"ती तीनदा परत गेली, गीजुन... तेव्हा दारात काय ठेवलं होतंस?"