परातीतलं मुसळ

माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं. शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द सांभाळून घ्यावेत.

घरोघरी मिक्सर आले नव्हते तेव्हाची गोष्ट. एका घरात लाकडी मुसळ आणि दगडी उखळ राहत होती. चंद्रग्रहण लागलं की घरच्या सुंदराकाकू परातीत पाणी ओतून त्यात मुसळ उभं करायच्या. ग्रहण सुटेपर्यंत ते कुणाच्याही आधाराशिवाय उभं राहायचं. मुसळाला वाटायचं, आपण पडलो तर चंद्र सुटणारच नाही.

एका संध्याकाळी चंद्र ग्रहणातच उगवला आणि पूर्ण झाकून तांबडा झाला. मुसळाचं बूड कांडून कांडून एका बाजूनं झिजलं होतं. ते डगमगलं आणि धाडकन अंगणात पडलं.

"संपलं! माझ्यामुळे चंद्र गेला!" मुसळ रडू लागलं.

"गप रे लाकडा," उखळ म्हणालं. "चोपन्न वर्षांपूर्वी अस्संच ग्रहण लागलं होतं, चोपन्न वर्षांनी पुन्हा लागेल. त्याचा फेरा ठरलेला आहे. वर बघ की जरा!"

चंद्राच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती.

मुसळ ओशाळलं. "मग इतकी वर्षं माझं उभं राहणं कशासाठी?"

"पोरं तुझ्याभोवती गोळा व्हायची. पडतंय का, पडतंय का, म्हणून हसायची. अंधाराला भ्यायची नाहीत."

मुसळ आडव्यानंच पहिल्यांदा ग्रहण बघत राहिलं.

परवाचं ग्रहण मी गच्चीवर एकट्यानं पाहिलं. गल्लीतली पोरं दारं लावून घरात बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून आमचं मुसळ काढलं आणि त्याचं बूड कानशीनं घासून सपाट केलं.