एका म्हशीला एक भिंग

"यापुढे हलती चित्रं बघायची, तर झुंबरशेठच्या भिंगातूनच!" राजा रणधुरंधराने हुकूम सोडला, तशी बाहुलीवाली चांगुणा दरबारात धावली. पांढरं धोतर ताणायचं, मागे दिवा लावायचा आणि चामड्याच्या बाहुल्या नाचवायच्या, हा तिचा पिढीजात खेळ. डोळे असतील त्याने बघावं!

"उघड्या डोळ्यांना दिसतं? शी! मग राजात आणि राखणदारात फरक काय?" राजाने नाक मुरडलं.

भिंगं विकणाऱ्या या शेठचं भिंग मोठं अजब. सरळ चित्र त्यातून वाकडं दिसे आणि शेठच्या गुप्त मापाने वाकडं काढलेलं सरळ! एक भिंग राजाला नजराणा. बाकीच्यांनी एका भिंगामागे एक म्हैस द्यावी.

"उद्या जत्रेत माझ्या वाघाच्या शिकारीचा खेळ लाव," राजा म्हणाला. "शेठ आखून देतील तशाच बाहुल्या काप. आणि सगळ्या प्रजेने जयजयकार केला पाहिजे! नाहीतर तुझ्या सगळ्या बाहुल्या चुलीत!"

"पण महाराज, लोकांकडे भिंग कुठंय?"

"ते तू बघ!"

आजोबांच्या हातच्या बाहुल्या होत्या त्या. चांगुणा पोटभर रडली, मग तिने कात्री घेतली.

जत्रेत दिवा लागला. राजाने भिंग लावलं. अहाहा, काय ती ऐट, काय त्या मिशा! पण लोक पोट धरधरून हसत होते.

"मी वाघ मारतोय आणि हे हसतात? पेटवा चूल!"

"महाराज, आधी भिंग काढा की!" चांगुणा म्हणाली.

राजाने काढलं. पडद्यावर भोपळ्याएवढं नाक, सुपाएवढे कान आणि वाघ तर सुजलेला बेडूक!

"हे कुणी केलं?"

"शेठनी आखलं, मी कापलं. हुकुमाप्रमाणे!"

शेठ पुढे सरसावला. "महाराज, सगळ्यांना भिंग घ्यायला लावा!"

"आणि सगळ्या म्हशी तुझ्या गोठ्यात? मग आम्ही चहा कशाचा प्यायचा?" राजा डाफरला.

तेवढ्यात चांगुणाने रातोरात कापलेली सरळ बाहुली पडद्यावर धरली. मैदान दणाणलं, "महाराजांचा विजय असो!" राजाने सवयीने भिंग लावलं. वाकडा! काढलं. सरळ! लावलं. पुन्हा वाकडा!

"अगं, हा काय चावटपणा?"

"महाराज, जयजयकार हवा ना? मग सगळ्या प्रजेचे डोळे शेठच्या मापाने वाकडे करून घ्या, नाहीतर आपलं एक भिंग खिशात ठेवा!"

राजा इतका हसला की मुकुट घरंगळत शेठच्या पायाशी गेला. "माग, काय हवं ते!"

"भिंगाचं माप चावडीवर टांगा. ज्याला हवं त्याने आपलं भिंग घासून घ्यावं."

राजाने माप टांगलं, वर शेठच्या गोठ्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस चांगुणाला दिली. वाकडी बाहुली मात्र राणीसाहेबांनी मागून घेतली.

"हीच हुबेहूब आहे!" त्या म्हणाल्या, आणि राजा पुन्हा हसत सुटला.